इओपूची बस चाळीस मिनिटं उशिरा

५ मे, सोमवार

एकदाची खोली सुरू झाली. महिला समितीच्या घरात जिथे आम्ही चटया विणायला बसायचो, तिथे आता तीन टेबलं, तीन स्क्रीन आणि प्रत्येकीपुढे साबणाच्या वडीएवढी काळी डबी. चौथी डबी बोटीच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीत ठेवली आहे. गावात वीज गेली तर तिथे जाऊन काम करायचं म्हणे.

डबीच्या पोटात काही नाही. मी सेमिसीला पुन्हा पुन्हा विचारलं. हा सेमिसी माझाच विद्यार्थी, भागाकाराला घाबरायचा, आता आपियाच्या ऑफिसात आमचा साहेब आहे. फोनवर म्हणाला, "बाई, खरंच काही नाही हो तिच्यात. ती नुसती खिडकी आहे. तुमचा कोड, तुमच्या फाइली, सगळं इथे आमच्या सर्व्हरवर."

म्हणजे मी सावाई बेटावर बसून कळ दाबायची, अक्षर उमटणार समुद्रापलीकडे आपियात, आणि ते उमटलेलं मला इथे दिसणार. मी दिवसभर नुसता 'अ' दाबून बघत होते. दाबला की क्षणभर काहीच नाही, मग येतो. त्या क्षणात तो कुठे असतो? समुद्राच्या तळाशी? पेपे शेजारी बसते, ती म्हणाली, "ताई, कामाला लागा, नाहीतर ब्रिस्बेनवाले 'अ'चेच पैसे देतील."

काम ब्रिस्बेनच्या एका बस कंपनीचं आहे. कुठली बस कुठे आहे, किती उशिरा आहे, हे डेपोत दिसायला हवं. फार उशीर झाला तर स्क्रीन लाल. मे अखेरपर्यंत आमची परीक्षा. पसंत पडलं तर खोली राहील. नाही तर काम आपियाच्या ऑफिसात जाईल आणि मला सोमवार ते शुक्रवार तिथे मावसबहिणीकडे राहावं लागेल. इओपूला सांगितलं तर म्हणाला, "बोट आहेच की." बस चालवणाऱ्या नवऱ्याला बोटीचं काय ते कौतुक.

डब्या आल्या तेव्हाचा समारंभ लिहायचा राहिला. आलेली भेटवस्तू आमच्याकडे ओरडून जाहीर करावी लागते, आणि गावाचा वक्ता, तुलाफाले, म्हणजे आमचे हेच. छाती काढून उभा राहिला आणि सुरू: "तीन स्क्रीन! चार डब्या! एक पेटी वायरी!" पेटीच्या तळाशी माझ्या नावाची एक चिठ्ठी होती, तीही ह्याने सोडली नाही. "सिएनीचं नाव! आणि तिचा गुप्त शब्द, पिकलेलानीरफणस७!" सगळं गाव "मालो!", म्हणजे शाबास, म्हणून ओरडलं. पाद्रीबाबांनी त्यालाही आशीर्वाद दिला. सेमिसी म्हणतो, पासवर्ड बदला. आशीर्वाद दिलेला शब्द बदलायचा कसा? आणि गावात कुणाला काय पडलंय माझ्या कोडचं!

८ मे, गुरुवार

चाचणीसाठी खोट्या बस हव्या होत्या. ब्रिस्बेनच्या रस्त्यांची नावं तोंडात बसेनात, म्हणून आमच्याच बेटाच्या बस घातल्या. लाल दिवा लागतो का हे बघायला एक बस हमखास उशिराची हवी. विचार करायची गरजच पडली नाही. चालक: इओपू. उशीर: ४० मिनिटं. बोट कितीही उशिरा येवो, तिच्यातली शेवटची म्हातारी पाट्यांसकट बसमध्ये चढल्याशिवाय हा माणूस निघत नाही. पेपे हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली.

दुपारी गंमत झाली. ऐन रंगात आलेली आणि स्क्रीन काळी. "जोडणी तुटली." पेपेचं नीट चालू, तिसऱ्या टेबलाचंही नीट. माझंच गेलं. पुन्हा नाव घातलं, शब्द घातला, आले परत. सगळं जागच्या जागी! अर्धवट लिहिलेली ओळ तशीच अर्धवट, माझी वाट बघत. पाऊस आत आला की शाळेत मुलांच्या पाट्या पुसल्या जायच्या, इथे काही पुसलं जात नाही. फार आवडलं मला हे. पण गेलं का?

१३ मे, मंगळवार

आज पुन्हा गेलं. आणि ह्या वेळी परत आले तर फाइल मी सोडली होती तिथे नव्हती. मी पार खाली उशिराचा हिशोब लिहीत होते, आणि उघडली तर पान सगळ्यात वर. कुणीतरी गुंडाळी उलटी फिरवावी तसं. बदललेलं मात्र काही नाही, एक स्वल्पविरामसुद्धा नाही.

बाहेर वारा मी म्हणत होता. माड कमरेत वाकलेले. इओपू घरी आला तोच कुरकुरत, बोट उशिरा आली, धक्क्यावर खोळंबून राहिलो. मी म्हटलं, खाडीत लाटा असतीलच. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या गुरुवारीही असाच वारा होता!

तार समुद्राच्या तळातून जाते. लाटा उसळल्या की तार हलणार. हललं की माझं अक्षर मागे ढकललं जाणार, आणि फाइल वर सरकणार. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१६ मे, शुक्रवार

वारा. बोट उशिरा. स्क्रीन गेली. मी टाळ्याच वाजवल्या. पेपे माझ्याकडे बघतच राहिली.

सेमिसीला फोन करून सिद्धांत सांगितला. त्याने सगळं आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तार तळाशी पडलेली असते. वर लाटा कितीही नाचल्या तरी तिला पत्ता लागत नाही."

"मग फक्त वाऱ्याच्याच दिवशी का जातं?"

"ते मात्र मला सांगता येत नाही."

"मग गप्प ऐक," मी म्हटलं. शाळेतली सवय, जाता जात नाही.

१८ मे, रविवार

चर्चनंतरचं जेवण. भट्टीतून काढलेली, नारळाच्या दुधातली अळूच्या पानांची पालुसामी, डुक्कर, नीरफणस. सगळे जेवून सुस्तावलेले, आणि इओपू एकदम छताकडे बघत म्हणाला, "माझी बस कधी उशिरा नसते."

 कुणी काढला होता बसचा विषय?

"मी उशिरा नसतो," पुन्हा म्हणाला. "मी थांबलेलो असतो. फरक आहे."

त्याची बहीण म्हणाली, "बरं बाबा, थांबलेला. आता ते डुक्कर इकडे सरकव." पेपेही जेवायला होती, तिला ठसकाच लागला. पाणी देऊन देऊन दमले. कोकोचा घोट चुकीच्या नळीत गेला म्हणाली. मी इओपूच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

२२ मे, गुरुवार

आजचा वारा म्हणजे कहर. स्क्रीन गेली, मी आले. पुन्हा गेली, पुन्हा आले. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी बाह्या मागे सारल्या. बराच वेळ समुद्राची आणि माझी झोंबाझोंबी. मी आत, तो मला बाहेर काढतोय, मी पुन्हा आत. शेवटी समुद्रच दमला. परत आले तेव्हा फाइल मधोमध उघडी होती, चाचणीच्या बस होत्या तिथे, आणि कर्सर लुकलुकत होता.

मला भीती नाही वाटली, खोटं कशाला लिहू. इतकं कुतूहल मला लहानपणी पहिल्यांदा ग्रहण पाहिलं तेव्हाच वाटलं होतं. तिथे काहीतरी आहे, आणि ते माझी फाइल वाचतं.

इओपू आला तो चिडलेला. "ह्या यंत्रांना माणूस कळत नाही," म्हणाला. "बसू दिलं तर बसू देतात, नाहीतर हाकलतात." बोटीच्या तिकिटाच्या यंत्राबद्दल बोलत असणार.

२३ मे, शुक्रवार

इओपूला सगळा सिद्धांत नीट समजावून सांगितला. अळूचे कंद सोलता सोलता सांगितलं, वारा, बोट, माझी स्क्रीन. "ज्या दिवशी तुझी बोट उशिरा, त्याच दिवशी माझी जोडणी तुटते. एकदाही चुकलं नाही! आणि प्रत्येक वेळी मला बाहेर काढून फाइल कुठल्या कुठे नेऊन ठेवतं. बुधवारी ब्रिस्बेनला दाखवायचंय, आणि वारा सुटला तर माझी खोली गेली म्हणून समज."

त्याची सुरी हातातच राहिली.

"तुला बाहेर काढतं?" त्याने विचारलं.

"मग काय! मी लिहीत असते आणि धाडकन काळोख."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

पुढे जेवलाच नाही नीट. नीरफणस तसाच पानात. बिचारा, माझ्या खोलीची त्यालाही काळजी लागली असेल. मी उगाच म्हणत असते त्याला काही पडलेलं नाही.

२६ मे, सोमवार

वारा होता. बोट उशिरा होती, तासभर. आणि स्क्रीन गेली नाही!

माझा सिद्धांत मोडला. हसावं का रडावं कळेना. खोलीसाठी ही चांगलीच गोष्ट, पण इतका सुंदर सिद्धांत होता! पेपेला म्हटलं, समुद्राला एकाएकी काय झालं? ती म्हणाली, "ताई, समुद्राला कुणीतरी समजावलं असेल." हल्ली ही मुलगी फार तोंडाळ झाली आहे.

परवासाठी रंगीत तालीम केली. सगळ्या बस फिरवून पाहिल्या, एक सोडून. इओपूच्या बसला हात लावला नाही. तिचा उशीर इतका भरवशाचा की तिला शेवटचा घाव म्हणून राखून ठेवली.

२८ मे, बुधवार

माती झाली.

ब्रिस्बेनहून बस कंपनीची ब्रॉनविन, आपियाहून सेमिसी, दोघंही माझ्या स्क्रीनवर डोकावत होते. समुद्र आरशासारखा. सगळ्या बस शहाण्यासारख्या धावल्या. शेवटी मी ऐटीत म्हटलं, "आणि आता बघा, चाळीस मिनिटं उशिराची बस. स्क्रीन लाल होईल." इओपूची बस सोडली.

हिरवी. मी पुन्हा सोडली. हिरवीगार!

ब्रॉनविन म्हणाली, "ही तर अगदी वेळेवर आहे."

फाइल उघडली. चालक: इओपू. उशीर: ०. चाळीसचा शून्य! माझ्या हाताने झालेला नाही, मी शपथेवर सांगते. मी म्हटलं, मी बदललं नाही. ब्रॉनविनचा आवाज बदलला. "तुम्ही नाही तर कुणी बदललं? तुमच्या खोलीत बाहेरचं माणूस शिरत असेल तर आम्हाला तिथे काम ठेवता येणार नाही. शुक्रवारपर्यंत सांगा."

पेपेला म्हटलं, लाटेने आकडा बदलेल का गं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली नाही. "ताई, लाटेला बरं नेमकं इओपूदादाच्याच बसचं पडलं होतं," म्हणाली आणि घरी निघून गेली.

आपियाला न्यायची पेटी कोणती, ती बघून ठेवली. लहान पुरेल.

२९ मे, गुरुवार

सकाळीच सेमिसीचा फोन. "बाई, सर्व्हरवर शोधलं. तुमच्या नावाने, तुमच्याच शब्दाने आणखी एका डबीवरून कुणीतरी येत होतं. एका नावाला एकच जागा असते, म्हणून ते आत आलं की तुम्ही बाहेर. ती डबी धक्क्यावरची आहे. बोट उशिरा असली की तिथे कोण रिकामं बसतं?"

 फोन कानाला तसाच. बोट उशिरा असली की धक्क्यावर कोण बसतं! "मी उशिरा नसतो, मी थांबलेलो असतो." "हाकलतात." माझ्या कपाळाला हात. पेपेला माहीत होतं. तिकीटखिडकीवाल्यालाही माहीत असणार. अख्ख्या गावाला माहीत होतं, एक मी सोडून. आणि मी आपली लाटा मोजत बसले होते.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला, प्रार्थना झाली. आमेन म्हणून मी डोळे उघडले तर तो माझ्याचकडे बघत होता.

"शून्य तू केलास?"

"केला," म्हणाला. "सगळ्या जगाला दिसणार म्हणून केला. ब्रिस्बेनला माझं नाव, आणि पुढे चाळीस."

"अरे, ती चाचणी होती! खोटी बस! तुझ्यामुळे माझी खोली गेली, कळतंय का?"

"आता कळलं. तू बाहेर फेकली जातेस हेही मला गेल्या शुक्रवारी, तू सांगितलंस तेव्हा कळलं. मला वाटायचं मलाच हाकलतंय, ड्रायव्हर म्हणून."

"पण तू तिथे बसून करत काय होतास? तुला ओ की ठो कळत नाही त्यातलं!"

 हा माणूस, गावाचा वक्ता, काठी टेकून उभा राहिला तर शब्दाला शब्द कमी पडत नाही, आणि आज जमिनीकडे बघत होता.

"वाचत होतो," म्हणाला. "वरपासून. तू सोमवारी तिकडे गेलीस आणि शुक्रवारपर्यंत आली नाहीस, तर मधले दिवस तू काय करतेस ते मला ठाऊक तरी असावं. म्हणून. निम्मंच झालं वाचून."

मला खूप रागवायचं होतं. जमलंच नाही. रडू आलं ते आलंच, वर हसूही आलं, आणि दोन्ही मिळून नाक वाहायला लागलं.

३० मे, शुक्रवार

आजचं नीट लिहिते, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

खोलीत गेले तर इओपू आधीच हजर. अंघोळ करून, उघड्या अंगाने, लाव्हालाव्हा नेसून. हातात त्याच्या आईची बारीक विणीची चटई, लग्नाला नि मयताला काढायची ती.  "इओपू, इफोगा? अरे, रक्त सांडलं तर मागतात अशी माफी! लोक हसतील."

"सेमिसीच्या घरात त्याला न विचारता शिरलो," तो म्हणाला. "आपियाला जाऊन त्याच्या दारात बसलो असतो. पण त्याचं घर इथेच आहे ना? तूच म्हणालीस, सगळं तिथे आहे आणि ही त्याची खिडकी आहे."

आणि स्क्रीनसमोर जमिनीवर मांडी घालून, मान खाली करून बसला, आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

ठरल्या वेळी सेमिसी आणि ब्रॉनविन आले. कॅमेऱ्यात त्यांना काय दिसलं असेल? मी, माझे सुजलेले डोळे, आणि खाली एक चटईचा ढीग. ब्रॉनविन म्हणाली, "खाली माणूस आहे का? बरा आहे ना तो?" मी सगळं सांगितलं. चिठ्ठी ओरडून वाचली तिथपासून शून्यापर्यंत, काही लपवलं नाही. शब्द बदलला नाही हा माझा दोष, हेही सांगितलं.

 सेमिसीने चष्मा काढून ठेवला. त्याला चांगलं माहीत होतं, ज्याच्या दारात माणूस असा बसतो त्याने येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर माणूस बसूनच राहतो. आणि तो आपियात, मध्ये अख्खा समुद्र. ब्रॉनविनला त्याने हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी सांगितलं.  पेपे दाराशी उभी, तोंडावर हात. चटईखालून श्वासाचा आवाज येत होता, आत उकडत असणार.

शेवटी सेमिसी म्हणाला, "बाई, माझा हात तिथवर पोचत नाही. मी इथून सांगतो, तुम्ही तिथे करा. माझ्या वतीने उचला."

इतके दिवस मी इथून कळ दाबत होते आणि होत होतं तिथे. आज त्याने तिथून सांगितलं आणि हात माझे हलले. चटई उचलली. खाली घामाने निथळलेला माझा नवरा, डोळे घट्ट मिटून बसलेला. मी म्हटलं, "ऊठ. साहेबांनी माफ केलं."

"आणि तू?" डोळे न उघडताच विचारलं.

"चटई कुणी उचलली रे?"

४ जून, बुधवार

सेमिसीचा फोन. खोली राहणार! वर्षअखेरपर्यंत तरी नक्की. सगळं खरं सांगितलं आणि मुदतीत सांगितलं, म्हणून. मात्र शब्द आजच्या आज बदलायचा आणि कुणालाही सांगायचा नाही. बदलला. इथेही लिहिणार नाही. पाद्रीबाबांना म्हटलं, नुसता आशीर्वाद द्या, शब्द विचारू नका. त्यांनी दिला, पण तोंड वाकडं करून.

आणखी एक. ब्रॉनविन म्हणाली, बस चालवणाऱ्या एका तरी माणसाने हे वाचायलाच हवं होतं. इओपूला त्याचं स्वतःचं नाव मिळालंय, फक्त बघण्याचं. कशाला हात लावता येणार नाही, मला बाहेरही काढणार नाही. तो आला की माझ्या स्क्रीनवर एक छोटा बाण दिसेल म्हणे.

चाळीस परत घातले. घालावेच लागले, नाहीतर दिवा लागत नाही. पण वर एक टीप लिहिली. टीप यंत्र वाचत नाही, माणसंच वाचतात.

११ जून, बुधवार

सकाळपासून वारा. माड वाकलेले. बोट उशिरा असणार.

काम करता करता मी कोपऱ्यात बघत होते. बराच वेळ काही नाही. मग वरच्या कडेला बाण आला. दारात आलेल्या माणसासारखा जरा थबकला, मग एकेक ओळ खाली उतरू लागला. सावकाश. बोटाने अक्षर लावत वाचतात तसा. चाचणीच्या बसपाशी आला आणि तिथे थांबला, माझ्या टिपेवर. "ही बस उशिरा नाही, थांबलेली आहे."

खूप वेळ तिथून हलला नाही. मला वाटलं जोडणी तुटली.

मग हलला, आणि मी लिहीत होते त्या ओळीपाशी येऊन उभा राहिला. पेपे म्हणाली, "ताई, आज इतकं हळू का टाइप करताय?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.